अण्णांच्या पुढे

गाडीतून उतरल्या उतरल्या अण्णांनी काठी उजव्या हातात घेतली, डाव्या हातानं चिमणीचं मनगट धरलं आणि "चला" म्हणाले. थोरली सून जागीच थबकली. सात वर्षांची तिची पोर आजोबांच्या डाव्या बाजूला उड्या मारत उभी होती, आणि अण्णांना डावीकडचं काही दिसत नाही हे त्या गोतावळ्यात फक्त थोरलीला ठाऊक होतं.

डिकीतून डब्यांची पिशवी काढणाऱ्या नवऱ्याजवळ ती गेली.

"अहो, चिमणी माझ्याबरोबर चालेल. मागं."

"का?"

"असंच. दमते ती."

"ती दमते? ती आपल्याला दमवेल." थोरल्यानं पिशवी तिच्या हातात दिली. "अण्णांनी हात धरलाय तिचा. आता सोडवायला जाशील तर दिवसभर तोंड फुगवून बसतील. पंच्याहत्तरीसाठी आणलंय आपण त्यांना. एक दिवस त्यांच्या मनासारखं होऊ दे."

"एक दिवस? बाकीचे दिवस कुणाच्या मनासारखे होतात?"

"आता सुरू नको होऊस," थोरला म्हणाला आणि डिकी आपटली.

डोंगरात चालताना अण्णांच्या पुढे कोणी जायचं नाही, हा त्या घराचा नियम. घरात ज्याला त्याला तोंड होतं आणि ज्याचं त्याचं तोंड तिखट होतं; पण पायवाट लागली की सगळे कसे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. पहिले अण्णा, मग आई, मग वयानं मुलं: थोरला, ताई, धाकटा. सर्वांत शेवटी सून, कारण डबे तिच्याकडे. पुढच्याच्या पुढे जायचं नाही, मागून हाका मारायच्या नाहीत, आणि वाट कुठली हे विचारायचं तर नाहीच नाही. विचारायचं कशाला? वाट अण्णांनीच आखली होती. हे राष्ट्रीय उद्यान व्हायचं होतं, रान नुसतं रान होतं, तेव्हा पंचविशीतले अण्णा मोजणीची साखळी आणि दुर्बीण घेऊन इथं वर्षभर राहिले होते. खालचं तळं, मधलं तळं आणि पार कड्याखालचं वरचं तळं, या तिन्हींना जोडणारी वाट कुठून जाईल हे त्यांनी ठरवलं. पुढं त्यांनी मोजणीचं स्वतःचं ऑफिस काढलं, लोकांच्या शेकडो जमिनींच्या हद्दी ठरवल्या, पण सांगताना सांगायचे ते हीच वाट. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात थोरलीनं ती गोष्ट तीनदा ऐकली होती.

आज तर नियम मोडायची कुणाची छातीच नव्हती. प्रत्येकाचं काही ना काही अण्णांपाशी अडलं होतं. थोरल्याला मागच्याच महिन्यात त्यांनी ऑफिसच्या मोठ्या खुर्चीत बसवलं होतं आणि ती खुर्ची अजून त्याच्याखाली डुगडुगत होती. ताईच्या घटस्फोटानंतर बापलेकीत दोन वर्षं अबोला होता. काल रात्री विश्रामगृहात अण्णांनी तिला "पाणी दे" म्हटलं, एवढ्यावर ती आज खुशीत होती. धाकट्याला ऑफिस सोडून परगावी नोकरीला जायचं होतं आणि ते तो आज, वरच्या तळ्यावर, अण्णा खूश असताना काढणार होता. आईचं काय अडलं होतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि थोरलीनं तर शब्दच दिला होता.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. घरात तिला "काचा पुसणारी" म्हणत. थट्टेनं, पण म्हणत. दोन महिन्यांपूर्वी दुपारी गिऱ्हाईक नसताना अण्णा एकटेच दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणाले. स्क्रू चांगला घट्ट होता. मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "हल्ली दाराच्या चौकटी खांद्याला लागतात गं." थोरलीनं त्यांना यंत्रासमोर बसवलं. त्या यंत्रात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. दिवे डावीकडे लुकलुकले, खाली लुकलुकले, आणि अण्णांच्या हातातलं बटण गप्प राहिलं. काचबिंदू. समोर धरलेला पेपर ते अजून खडाखडा वाचत, म्हणून कुणाला संशयही येत नव्हता. पण बाजूला हत्ती उभा केला असता तरी त्यांना दिसला नसता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळा.

"घरात बोलायचं नाही," अण्णा म्हणाले होते. "शब्द दे."

तेव्हापासून फिरायला म्हणून ते रोज सकाळी दुकानात येत आणि ती त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत असे. घरातल्या पोटच्या तीन पोरांना सोडून या माणसानं आपल्याला निवडलं, याचा तिला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोला, चांगलाच वाटला होता. आज रांगेच्या शेवटी, हातात डबे घेऊन चालताना, त्या अभिमानाचीच तिला चीड येत होती.

खालचं तळं गर्दीचं. टोप्या घातलेली माणसं काठाकाठानं फोटो काढत होती, पोरं बदकांना पाव टाकत होती आणि पाव टाकू नका असं सांगणारा रक्षक शिट्ट्या मारून दमला होता. पाणी हिरवं, स्वच्छ. तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. अण्णा थांबले नाहीत. खालच्या तळ्यावर थांबतात ते हौशे, असं त्यांचं मत होतं. मधलं तळं मागं पडलं तशी गर्दी विरळ झाली, मग कुणीच राहिलं नाही. वाट झाडीतून वर चढू लागली. चिमणीची बडबड पुढून मागपर्यंत ऐकू येत होती. तो आवाज ऐकू येतोय तोवर थोरली श्वास घेत होती.

झाडी संपते तिथं वाटेला फाटा फुटला. रांग सरळ गेली. थोरली शेवटची, त्यामुळे ती फाट्यावर पोचली तेव्हा बाकीचे पंचवीस पावलं पुढे होते. वाटेच्या डाव्या अंगाला, माणसाच्या उंचीचा पिवळा फलक रोवलेला होता. वर तांबडी अक्षरं: वाट बंद. दरड कोसळली आहे. वरच्या तळ्याकडे उजवीकडून जावे. उजवीकडे नवीन दगडी पायऱ्या होत्या, त्यांच्या कडेला कोरा लोखंडी कठडा.

ती धावतच धाकट्याला गाठायला गेली. "भाऊजी! फलक पाहिलात का?"

"पाहिला की."

"मग?"

"मग काय वहिनी? अण्णांची वाट आहे. उद्यानवाल्यांनी नवीन केली याचा राग असणार त्यांना. मुद्दामच जातायत."

"मुद्दाम नाही. पुढे सांगा, मागे वळायचंय म्हणून."

धाकट्यानं मान खाजवली. त्याला आज अण्णांना नाराज करायचं नव्हतं. पण वहिनीनं इतकी वर्षं त्याच्या कितीतरी भानगडी निस्तरल्या होत्या, म्हणून त्यानं ताईच्या कानाशी निरोप दिला. ताईनं मागं वळून थोरलीकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि निरोप थोरल्याकडे दिला. तिथं तो अडला. थोरला मागं न बघता बोलला, ते ताईनं धाकट्याला सांगितलं आणि धाकट्यानं थोरलीला.

"दादा म्हणतोय, तिला सांग, गप्प चाल."

"आणि ताई?"

"ताई म्हणतेय, कालच कुठे ते माझ्याशी बोलले, आता मला मध्ये घालू नका."

 चार धडधाकट माणसं पुढं चालली होती, चौघांनी फलक वाचला होता आणि चौघंही गप्प होती. थोरलीच्या ओठांवर आलं: अहो, त्यांना दिसला नाही तो. पण अण्णांना दिलेला शब्द होता. ती चालत राहिली. त्या शंभरेक पावलांचा राग तिला पुढं कितीतरी वर्षं पुरणार होता, आणि तो सगळा इतरांवरचा नव्हता.

मग कडा आला. उजवीकडे उभा खडक, डावीकडे खाली वरचं तळं. काळंनिळं, गार, हलत नसलेलं. मधे वाट, दोन माणसं अंग चोरून जेमतेम ओलांडतील एवढी. मागं राहिलेल्या थोरलीला वळणावरून पुढचं सगळं दिसलं. अण्णांच्या काही पावलं पुढं वाटेचा बाहेरचा अर्धा भाग नव्हताच. कुणी भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा तो खाली गेला होता. त्याच बाजूला, अण्णांच्या डाव्या हाताला, चिमणी होती.

"आजोबा, पुढं वाट मोडलीय," चिमणी म्हणाली.

"माझी वाट मोडत नसते," अण्णा हसून म्हणाले आणि पाऊल उचललं.

"अण्णा! थांबा!"

चौदा वर्षांत त्या घरात थोरलीचा आवाज कुणी इतका मोठा ऐकला नव्हता. समोरच्या कड्यावरून तो परत आला. अण्णांची काठी हवेतच राहिली. त्यांच्या पायाखालून दोन-चार खडे सुटले, घरंगळत गेले आणि बऱ्याच वेळानं पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"चिमणे," थोरली म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं तिलाच नवल वाटलं, "आजोबांचा हात सोड. खडकाला पाठ लाव. आजीकडे ये. आई, धरा तिला. ताईंकडे द्या. कुणी हलू नका."

पोर हातोहात मागं आली. आजीकडून बापाकडे, बापाकडून आत्याकडे, आत्याकडून काकाकडे, आणि शेवटी आईच्या कुशीत. थोरलीनं तिला खडकाच्या बाजूला बसवलं आणि तिच्यापुढं स्वतः उभी राहिली. 

"कोण ओरडलं?" अण्णांनी मान मागं वळवून विचारलं. चेहरा तांबडाबुंद. "मागून हाका मारायच्या नाहीत हे किती वेळा सांगितलंय?"

"मी ओरडले."

"पोर घाबरली असती तर? गेली असती ना खाली!"

"ती चाललीच होती खाली, अण्णा!"

"वहिनी, आवाज," ताई म्हणाली.

"आवाजाचं सोडा. ताई, तुम्ही फलक वाचला होता की नाही?"

"कसला फलक?" अण्णा म्हणाले.

भांडायला या घराला जागा कधी कमी पडली नव्हती. इथं तर दोन हात वाट होती. पण त्या प्रश्नावर भांडण तिथंच थांबलं. थोरल्यानं ताईकडे पाहिलं, ताईनं धाकट्याकडे.

"फाट्यावरचा, अण्णा," धाकटा चाचरत म्हणाला. "पिवळा. वाट बंद म्हणून लिहिलेला."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

अण्णांनी तोंड पुन्हा पुढं केलं. त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, मग खाली केली, आणि थोरलीला कळलं की तळं त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसतंय. त्यांनी पाठ खडकाला टेकवली.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. "त्यांना डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "खालचंही. काचबिंदू आहे. दोन महिने झाले कळून."

"तुला माहीत होतं?" थोरल्याचा आवाज चिरकला. "दोन महिने? माझ्या बापाचं मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शब्द घेतला होता."

"आणि तू दिलास!" ताईचा सगळा जोर आता वहिनीवर आला. तिला आणि थोरल्याला वर्षभरात एका बाजूला उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आज ती दोघं एका क्षणात एक झाली. "फार शहाणी समजतेस स्वतःला? यंत्रासमोर बसवलं की झाली डॉक्टर? आणि हे माहीत असून स्वतःची पोर त्यांच्या हातात दिलीस? आई आहेस का कोण आहेस?"

ते नेमकं लागलं. सकाळपासून तुंबलेलं सगळं थोरलीच्या तोंडावाटे बाहेर पडलं.

"हो, दिली. चूक झाली माझी, आणि ती मी जन्मभर स्वतःला ऐकवेन, तुम्ही ऐकवायची गरज नाही. पण मला माहीत होतं म्हणून मी ओरडले तरी. तुम्हाला काय झालं होतं? त्यांचे डोळे गेलेत. तुमचे तर धड आहेत ना? चौघांनी वाचलात फलक. चौघांनी! माझी मुलगी पुढं चालली होती आणि तुम्हाला खुर्ची दिसत होती, नोकरी दिसत होती, काल मागितलेलं पाणी दिसत होतं. अहो, तुम्ही तर बाप आहात तिचे. 'गप्प चाल' म्हणून निरोप पाठवलात मला!"



"शब्द दिला होतास, सूनबाई," अण्णा म्हणाले.

"दिला होता. मोडला. पोरीच्या जिवावर नव्हता दिला मी तो."

त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.  मग त्यांनी विचारलं, "अक्षरं केवढी होती?"

 शेवटी धाकटा म्हणाला, "वीतभर, अण्णा. तांबडी."

"वीतभर." अण्णांनी काठी दगडावर आपटली. "वीतभर अक्षरं वाचलीत, आणि माझ्या मागं आलात? अरे, मी आंधळा. तुम्ही कोण? जीभ झडली होती तुमची?"

"आम्हाला वाटलं," थोरला म्हणाला, "तुम्ही मुद्दाम जाताय. तुमची वाट बंद केली म्हणून. रागानं."

"मुद्दाम?" अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "नातीला हाताशी घेऊन? कोसळलेल्या कड्यावर? रागापायी?" त्यांनी एकेकाकडे मान वळवून पाहिलं. पाहायला आता मान वळवावी लागत होती आणि ते लपवायचं कारण उरलं नव्हतं. "मी तुम्हाला तसला माणूस वाटलो?"

थोरला खाली बघत राहिला. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती नाही म्हणाली नाही. धाकट्यानं तोंड फिरवलं.

"हो," आई म्हणाली.

सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. अण्णांच्या मागं दोन पावलांवर, सगळ्यांत जवळ तीच उभी होती.

"हो. वाटलात. मलासुद्धा. मी पण वाचला तो फलक. म्हटलं, आता पोरीला घेऊन मरायला चाललेत, आणि अडवलं तर चारचौघांत माझा अपमान करतील. म्हणून नाही अडवलं." तिनं तिन्ही मुलांकडे हात केला. "ही तुमची लेकरं लहान होती तेव्हा पुरात गाडी घातलीत, आठवतं? मी हात जोडत होते. ही मागच्या सीटवर रडत होती. तेव्हा तर डोळे चांगले होते तुमचे. मग आम्ही कसं ओळखायचं, आज दिसत नाही म्हणून चाललात की ऐकायचं नाही म्हणून? आम्हाला दोन्ही सारखंच दिसतं."

खाली तळ्यावर वारा आला आणि पाणी चुरगळल्यासारखं झालं. अण्णा खडकाला टेकून उभे होते. त्यांना असं टेकलेलं घरानं प्रथमच पाहिलं, आणि थोरलीला वाटलं होतं तसा त्यात आनंद मुळीच नव्हता.

"वळा," ती म्हणाली. "इथून एकमेकांना ओलांडता येणार नाही. जागच्या जागी वळा. खडकाला हात लावून चला."

सगळे जिथल्या तिथं वळले. रांग तीच राहिली, फक्त उलटी झाली. थोरली सर्वांत पुढं आली, हाताशी खडकाच्या बाजूनं चिमणी. तिच्या मागं धाकटा, ताई, थोरला, मग आई. आणि शेवटी अण्णा.

"मी नाही शेवटी चालणार," अण्णा म्हणाले. "मला माझी वाट कळते."

"माझ्या खांद्यावर हात ठेवा," आईचा आवाज आला.

"नको."

"मग पडा," आई म्हणाली आणि चालायला लागली.

थोरलीनं मागं पाहिलं नाही. थोरला मागून हलकेच "अगं" म्हणाला, तिनं ओ दिली नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते घरी गेल्यावर, आणि ते पटकन संपणारं नव्हतं. ती पायाखालचा एकेक दगड बघत, मुलीचा हात दुखेल इतका घट्ट धरून चालत राहिली. वळण आलं. मागं फक्त पावलं वाजत होती, काठी ऐकू येत नव्हती.

तेवढ्यात आईचा आवाज आला. बारीक, रागातला.

"अहो, एवढं दाबू नका. खांदा दुखतोय माझा."

थोरलीनं पाऊल आखूड केलं. तिच्या मागं सगळी रांग हळू झाली.